शेजाऱ्याच्या कागदात पाहू नये

लॉरेन्स,

शिवडीच्या दफनभूमीत तुला माती देताना मी जरा मोठ्याने बोललो, आणि मागे उभ्या असलेल्या आपल्या तीन माजी विद्यार्थ्यांनी खिशातून पेनं काढली.

मी एवढंच म्हणालो होतो की पूर्व त्या बाजूला नाही. फादर कुणाला तरी सांगत होते की पाय पूर्वेकडे आहेत, आणि माझ्याच्याने राहवेना. वीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याच्या मित्राला ईशान्येकडे पाय करून पुरतात म्हणजे काय! "ही ईशान्य आहे, फादर," मी म्हणालो, "पूर्व तिकडे, बंदराच्या बाजूला." आवाज चढला असणार, कारण तुझ्या थोरल्या बहिणीने, एमिलीबायने, माझं मनगट धरलं. आणि ते तिघे पेनं हातात घेऊन कागद कोण वाटतंय म्हणून इकडेतिकडे पाहू लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की कागद वाटणारा खाली आहे. पेनं मुकाट्याने परत खिशात गेली. त्यातला एकजण रडायला लागला, आणि मग मीही.

त्यांचं काही चुकलं नाही. परेरा सर आणि साटम सर यांचा आवाज चढला की मध्ये पडायचं नाही, कागद घ्यायचा आणि पाहिलं ते लिहायचं, ही सवय त्यांना आपणच लावली होती. त्या दिवशी आवाज एकट्या साटम सरांचा होता, इतकाच फरक.

कॉलेजच्या वार्षिक अंकाचे संपादक मला म्हणाले, "सर, जन्म, शिक्षण, पदव्या, असं सगळं व्यवस्थित येऊ द्या." ते सगळं कचेरीतल्या फायलीत आहे, त्यांनी खुशाल उतरवून घ्यावं. मला तुझ्याशी बोलायचं आहे. दहा महिने बोललो नाही, त्यामुळे फार साचलंय.

तू गिरगावातून ट्रामने आमच्या दादरच्या ट्रेनिंग कॉलेजात पहिल्यांदा आलास, तेव्हा मानसशास्त्राचा माणूस म्हणजे मनातलं ओळखणारा, असा सगळ्यांचा समज होता. प्राचार्य तुझ्याशी बोलताना टेबलावरच्या दौतीकडे पाहायचे. तुकाराम शिपाई तर तुझ्यापुढे चहा ठेवताना डोळे मिटून घ्यायचा, आणि चहा कपात कमी, फायलींवर जास्त पडायचा. मी तेवढा घाबरलो नाही, कारण माझ्या मनात लपवण्यासारखं काही नाही अशी माझी समजूत होती. ती पुढे तूच मोडलीस, पण ते नंतर.

पहिल्याच आठवड्यात आपण दोघं लालबागच्या म्युनिसिपल शाळेत पाठ पाहायला गेलो. शिक्षक होऊ घातलेल्यांनी खऱ्या मुलांना शिकवायचं आणि आपण मागच्या बाकावर बसून त्यांच्या वहीत शेरे लिहायचे, ही आपल्या धंद्याची रीत. मी रीतीप्रमाणे मागे जाऊन बसलो. तू खुर्ची उचललीस, पुढे नेलीस, फळ्याखालच्या कोपऱ्यात ठेवलीस आणि शिकवणाऱ्याकडे चक्क पाठ करून बसलास. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपण पहिल्या वाक्यातच नापास झालो. त्याने हातातला खडू खाली ठेवला आणि विचारलं, "सर, काही चुकलं का?"

"अजून कळलं नाही," तू मान न वळवता म्हणालास. "मुलांना विचारतोय."

विचारत कसला होतास, नुसता बघत होतास. अर्ध्या तासाने मी माझा शेरा लिहिला, पानभर: प्रस्तावना ठीक, हेतुकथन स्पष्ट, विवेचन क्रमवार. तू दोन ओळी लिहिल्यास. "तिसऱ्या बाकावरच्या मुलीने नऊ वेळा दाराकडे पाहिलं. दारात काही नव्हतं. फळ्यावर त्याहूनही कमी असावं." मी भडकलो. म्हटलं, हा काय शेरा झाला? पाठात सगळं होतं! तू म्हणालास, "सगळं होतं रे वासू. मुलंच तेवढी नव्हती." लालबागेतून परळपर्यंत चालत येताना आपलं पहिलं भांडण झालं. ते खरं होतं की नाटकी, हा प्रश्न तेव्हा अजून निघाला नव्हता.

आपल्या संयुक्त तासाबद्दल बाहेर फार चांगलं बोललं जातं. मानसशास्त्र आणि भूगोल एकाच वेळी, एकाच वर्गात, दोन शिक्षकांनी मिळून शिकवायचं, केवढी दूरदृष्टी! दूरदृष्टी कसली. माझ्या वर्गाचं छप्पर दुरुस्तीला काढलं म्हणून माझा तास तुझ्या खोलीत ढकलला, वेळापत्रक बदलायचं राहून गेलं, आपण दोघं एकाच वेळी वर्गात शिरलो आणि बाहेर जायला दोघांतला एकही तयार होईना. छप्पर झाल्यावर प्राचार्यांनी तास वेगळे केले, तर सगळी तुकडी जिन्यात उभी राहून ओरडू लागली, "संयुक्त तास झालाच पाहिजे!" मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. "झालाच पाहिजे" एवढं कानावर पडलं की कचेऱ्यांच्या खिडक्या आपोआप लागायच्या. प्राचार्यांनीही खिडकी लावून घेतली आणि आतूनच सांगितलं, "झाला, झाला. आता वर्गात जा."

त्या तासाला आपण काय शिकवलं याची टाचणं माझ्याकडे नाहीत, पण कुत्रा आठवतो. लालबागच्या चौथीतल्या मुलांना आपण घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढायला सांगितला होता. एका मुलीने गिरणी काड्याच्या पेटीएवढी काढली आणि मसाला कुटायच्या डंकीपाशी बसणारा कुत्रा पानभर. मी लाल शाईने "प्रमाण चुकले" असं लिहायला घेतलं. तू माझा हात धरलास.

"प्रमाण बरोबर आहे. कुत्रा चावतो, गिरणी चावत नाही."

"तिच्या बापाला विचार," मी म्हणालो, "गिरणी चावते की नाही ते."

तू वर्गाकडे वळून म्हणालास, "हे लिहून घ्या सगळ्यांनी. हे मला माहीत नव्हतं." लॉरेन्स, इतकी वर्षं मी शिक्षकांच्या खोलीत बसतो आहे. चाळीस विद्यार्थ्यांसमोर "हे मला माहीत नव्हतं" असं म्हणणारा शिक्षक मी तेवढा एकच पाहिला. तुझ्या संगतीत मला माझा विषय नव्याने आवडू लागला, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वहीत लिहून ठेवलं असतंस.

आणि मग ती भांडणं. दर वर्षी नव्या तुकडीला तू "साक्ष" शिकवायचास: डोळ्यांसमोर घडलेली एकच गोष्ट माणसं किती वेगवेगळी पाहतात. त्यासाठी मी तुझ्या तासाला दार ढकलून आत शिरायचं आणि ओरडायचं, "माझा पृथ्वीगोल कुठाय?" तू म्हणायचास, "मी खाल्ला." मग तीन मिनिटं आपण एकमेकांची यथेच्छ सालं काढायचो, आणि मी दार आपटून निघून जायचो. तू छापील कागद वाटायचास. त्यावर चार प्रश्न. आधी कोण बोललं? कोणाच्या हातात काय होतं? भांडणाचं कारण काय? चूक कोणाची? आणि तळाशी जाड अक्षरांत सूचना: शेजाऱ्याच्या कागदात पाहू नये. एकदा हे झालं की पुढे वर्षभर आपण कधीही, कुठेही भांडायला मोकळे, आणि तुकडीने कागद काढून तयार राहायचं.

माझ्या हातात खडूची पेटी असायची. संचारबंदी नुकतीच उठली होती त्या वर्षी निम्म्या वर्गाने लिहिलं, "साटम सरांच्या हातात लाठी होती." त्याच वर्षी खाली बंदोबस्ताला उभा असलेला हवालदार आपला आरडाओरडा ऐकून जिना चढून आला. तू त्यालाही कागद दिलास. त्याने टोपी काढली, बाकावर बसला आणि मान तिरकी करून मन लावून लिहिलं. त्याचं चौथं उत्तर तू पुढे प्रत्येक तुकडीला वाचून दाखवायचास. "चूक कोणाची ते वरून हुकूम आल्यावर कळविण्यात येईल."

खरं सांगू, मला ती भांडणं फार आवडायची. घरी मी कुणावर ओरडत नाही. कुमुद ओरडू देत नाही.

आता सुशीलाचं. इतका वेळ टाळत होतो.

सुशीला गायकवाड, परळच्या चाळीतली, बाप गिरणीत साच्यावर कापड विणणारा, घर नुकतंच बौद्ध झालेलं. वर्गात ती कधी हात वर करायची नाही. सरळ उभी राहायची आणि बोलायला लागायची. तिचा वार्षिक पाठ लालबागच्या त्याच शाळेत होता. पाचवीचा वर्ग, विषय "आपलं राज्य". आपण सगळे गुजरातसकट एकाच मोठ्या द्वैभाषिक राज्यात, वेगळं व्हायचं तेव्हा ठरलंही नव्हतं, आणि भिंतीवरच्या सरकारी नकाशात तेच होतं. सुशीलाने तो नकाशा उतरवून टेबलावर ठेवला आणि मांजरपाटावर स्वतः रंगवलेला नकाशा टांगला. कोकण, देश, मराठवाडा, विदर्भ, आणि मुंबईच्या जागी रुपयाएवढा लाल ठिपका. गुजरात गायब. एका मुलीने विचारलं, "बाई, हा नकाशा कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुढच्या," सुशीला म्हणाली.

मागच्या बाकावर माझ्या शेजारी बाहेरून आलेले परीक्षक होते. ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "साटम, हे तुम्ही शिकवता?"

आदल्या संध्याकाळी मी शिवाजी पार्कावरच्या सभेत "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणून इतका ओरडलो होतो की माझा घसा पार बसला होता. त्या बसलेल्या घशाने मी म्हणालो, "छे हो! विद्यार्थिनीची स्वतःची चूक आहे." आणि वहीत लिहिलं, नकाशा चुकीचा, पाठ नापास. तू नेहमीच्या जागी होतास, फळ्याखाली, नकाशाकडे पाठ करून. नकाशा तुला दिसतच नव्हता. तुला मुलं दिसत होती, आणि मुलांच्या डोक्यांवरून, मागच्या बाकावर, मी.

दुसऱ्या दिवशी संयुक्त तासाला मी तो नकाशा गुंडाळून घेऊन आलो. नकाशा कसा काढू नये याचा नमुना म्हणून तो वर्गाला दाखवणार होतो, सुशीला समोर बसलेली असताना. माझी ही बुद्धी कुठून आली ते मला आजही सांगता येत नाही.

तू म्हणालास, "वासू, दाखवू नकोस."

"का? भूगोल माझा विषय आहे."

"तीस मिनिटं त्या वर्गात एकाही मुलाने अंग खाजवलं नाही. असा वर्ग मी अजून पाहिला नव्हता."

"तू नकाशाच पाहिला नाहीस!"

"गरज नव्हती. मी मुलांचे डोळे पाहिले. आणि तुझे."

"माझे काय?"

"तू घाबरलास, वासू. नकाशा चुकला नव्हता. तुला परीक्षकांची भीती वाटली."

तोवर चाळीसच्या चाळीस जणांनी कागद बाहेर काढले होते आणि ते भराभर लिहीत होते. त्यांना दोष कसा देऊ? मी नाटकात ओरडायचो तसाच ओरडत होतो, तोच आवाज, तेच हातवारे. मला दुसरं ओरडणं येतच नाही. पण त्यानंतर मी जे बोललो ते कुठल्याही नाटकात नव्हतं. "तुला काय करायचंय? एका तरी सभेला आलास का? हा आमचा प्रश्न आहे, तुझा नाही."

आणि हे कुणाला? माझ्या आजोबांनी मालवणहून येऊन मुंबईच्या धक्क्यावर पाय ठेवला, त्याच्या कितीतरी आधीपासून ज्याचं घर गिरगावात आहे त्याला. ज्याची बहीण घरात माझ्याहून जुनी मराठी बोलते त्याला. तू सभांना यायचा नाहीस, कारण गर्दीत चेहरे दिसत नाहीत अशी तुझी तक्रार होती, आणि हे मला पक्कं माहीत होतं. तू डस्टर उचललंस आणि कोरा फळा पुसायला लागलास. मी दार आपटून निघून गेलो, नेहमीसारखा.

त्यानंतरचे दहा महिने आपण एकमेकांशी बोललो नाही, आणि आपलं खरोखरच बिनसलंय हे एका माणसाच्याही लक्षात आलं नाही. प्राचार्य मला जिन्यात गाठून म्हणाले, "केवढा दीर्घ प्रयोग घेतलात! निष्कर्ष कधी?" जून महिन्यात नवी तुकडी आली, तिला जुन्या तुकडीने आधीच सांगून ठेवलेलं. संयुक्त तासाला मी म्हणायचो, "परेरा सरांना सांगा, कर्कवृत्त त्यांच्या बोटाखाली नाही." तू म्हणायचास, "साटम सरांना सांगा, बोट दुखतंय." आणि वर्ग आनंदाने लिहून घ्यायचा. तुकाराम एकदा तुझ्याकडून एक पाकीट घेऊन आला. मी न उघडताच परत पाठवलं. जाता जाता त्याने विचारलं, "सायेब, ह्ये खरं नको हाय, का प्रयोगातलं नको?" मी म्हटलं, "खरं." तो डोळा मारून गेला.

घरीसुद्धा तीच कथा. कुमुद म्हणायची, "अहो, परेराभावजींना जेवायला बोलवा की! प्रयोग काय जेवणाच्या आड येतो?" नाताळात एमिलीबायचं ताट रीतसर आलं, कुलकुल, नेवऱ्या, केक. मी तत्त्व म्हणून हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि कुमुद हिंदमाताला साड्या बघायला गेली तेवढ्यात एकट्याने सगळं संपवलं. रागात माणूस फार खातो. हेही तुला सांगायचं राहिलं.

कुणी एकाने जरी आपल्याला समोरासमोर बसवून दटावलं असतं, तर मी पाच मिनिटांत विरघळलो असतो. पण सगळं कॉलेज आपलं भांडण कौतुकाने बघत राहिलं. मी मनात म्हणायचो, वार्षिक पाठ होऊ देत, मग बोलू. मग, सुट्टी लागू दे, मग बोलू. दहा दिवसांपूर्वी तुकाराम माझ्या वर्गाच्या दारात आला आणि या खेपेला त्याने डोळा मारला नाही. "सायेब, परेरासायेब ग्येले," तो म्हणाला. तुला खोटं वाटेल, वर्गातल्या दोघातिघांनी कागद काढले.

सातव्या दिवशीच्या चर्चमधल्या मिस्सानंतर एमिलीबायने मला तुझ्या खोलीत नेलं. तुझी खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवलेली. तिने कपाटातून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला. "यो तुजा हाय, वासू. तुज्या नावान बांदून ठेवलेला."

त्या दिवशीचे चाळीस कागद, लॉरेन्स. तू ते तपासले होतेस, लाल शाईने. मी तिथेच बसून वाचू लागलो. निम्म्या लोकांनी माझ्या हातात पुन्हा लाठी दिली होती, एकाने तलवार. एकजण लिहितो, "चूक माझी, मी पाच मिनिटे उशिरा आलो." त्याला तू लिहिलंयस, "मान्य, पण हा प्रश्न वेगळा." मी हसत होतो आणि एमिलीबाय दारात उभी राहून काळजीने बघत होती. मग सुशीलाचा कागद आला. चौथ्या प्रश्नाखाली तिने लिहिलं होतं, "सांगता येत नाही. सरांच्या हातात माझा नकाशा होता. ते फार रागावले होते, हात हलवीत होते, परंतु नकाशा त्यांनी एकदाही जमिनीला टेकू दिला नाही." त्यापुढे तुझ्या अक्षरात, "उत्तम निरीक्षण. पैकीच्या पैकी." एमिलीबायने मला पाणी आणून दिलं.

गठ्ठ्याच्या तळाशी ते पाकीट होतं, तुकारामाच्या चहाच्या डागासकट. आत दोन कागद. एक कोरा, वर माझं नाव आणि शेरा: "नोंद येणे बाकी." दुसरा घडी घालून टाचणी लावलेला, आणि घडीवर लिहिलेलं, "आधी स्वतःचा कागद भरावा, मग हा उघडावा." खाली ती जाड अक्षरांतली सूचना. मेल्यावरसुद्धा तुझा शिस्तीचा बडगा गेला नाही.

तो कागद भरण्याआधी मला एका ठिकाणी जायचं होतं. सुशीला दुसऱ्या खेपेला पास झाली हे तुला माहीत आहेच, तूच तिची तयारी करून घेतलीस. आता ती घोडपदेवच्या शाळेत शिकवते. काल मी तिचा नकाशा घेऊन तिच्या शाळेत गेलो. दहा महिने तो माझ्या कपाटात उभा होता. मधल्या सुट्टीत, जिन्यापाशी, मी तिला म्हणालो, "गायकवाड, माझं चुकलं. नकाशा बरोबर होता. मी घाबरलो होतो."

"माहीत आहे सर," ती म्हणाली. "मीपण घाबरलेवते. रात्रभर झोप नव्हती मला." मग तिने तो उलगडला. "आता राज्य होणार ते ठरलं ना? छापील येईलच की हो सर."

"येईल तेव्हा येईल. तोवर हा लाव." आणि मग माझ्याच्याने पुन्हा राहवेना. "तापी मात्र जरा वर गेली आहे."

ती खो खो हसली. तिने तासाला तो नकाशा टांगला. मी मागे जाऊन बसणार होतो, पण खुर्ची उचलली, पुढे नेली आणि फळ्याखाली नकाशाकडे पाठ करून बसलो. फार विचित्र वाटतं रे तिथे. सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं, आणि बघत मात्र कुणीच नसतं. पंचेचाळीस मुलं माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. प्रत्येकाचं बोट हवेत काहीतरी शोधत होतं. मला थोड्या वेळाने कळलं, ती आपापलं घर शोधत होती. त्या लाल ठिपक्यात घोडपदेव कुठे बसतं ते पाहत होती. हे मला माहीत नव्हतं, लॉरेन्स. इतकी वर्षं मी फळ्याकडे तोंड करून बसत होतो.

घरी आल्यावर तो कागद मी समोर ठेवला, पण भरला नाही. आज सकाळी बसलो आहे. चाळीस शेजाऱ्यांच्या कागदांत पाहून झालं आहे, तेवढे गुण काप.

आधी कोण बोललं? तू. "दाखवू नकोस" म्हणालास. ते भांडण नव्हतं, मला वाचवायला बोललास.

कोणाच्या हातात काय होतं? माझ्या हातात सुशीला गायकवाडचा नकाशा. तुझ्या हातात काही नव्हतं. डस्टर नंतर आलं.

भांडणाचं कारण काय? मी घाबरलो, आणि तू ते पाहिलंस.

चूक कोणाची? माझी. एकदा नाही, तीनदा. परीक्षकांपुढे सुशीलाला तोंडघशी पाडलं ती पहिली. मुंबईचा प्रश्न तुझा नाही असं तुला म्हणालो ती दुसरी, आणि तिची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. तिसरी ते पाकीट परत पाठवलं ती. हे सगळं तुला तोंडाने सांगायला दहा महिने होते. मला माफ कर.

आता टाचणी काढली आहे.

तू लिहितोस: "आधी कोण बोललं? मी. हातात काय? वासूच्या हातात नकाशा. त्याने तो जमिनीला टेकू दिला नाही. (हे मी गायकवाडच्या कागदात पाहिलं. एक गुण वजा.) कारण? वासू परीक्षकांना घाबरला. मीही घाबरतो, म्हणून तर फळ्याखाली बसतो, त्यांच्यापासून लांब. चूक? माझी. मित्राला घाबरट चाळीस माणसांसमोर म्हणू नये. दार लावून, एकट्याला म्हणावं."

मी दार लावून घेतलं आहे, लॉरेन्स. कुमुद बाजारात गेली आहे. खोलीत मी एकटाच आहे. म्हण.